टिटवीचें छायाचित्र

शाळेच्या नोकरींतून मोकळा झालेल्या मास्तराची स्थिति मोठी चमत्कारिक असते. घंटा वाजत नाहीं, हजेरी घ्यावयाची नसते, वह्या तपासावयाच्या नसतात. आणि छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढण्याची संवय जडलेला हात रिकामा राहतो. घरांत लहानमोठीं अकरा माणसें असल्यामुळें एकटेपणाची तक्रार करण्यास मला जागा नव्हती. पण पूजा व पाठ आटोपला कीं जेवणापर्यंतचा वेळ माझा मलाच जड होई. माझ्या थोरल्या चिरंजीवानें ही अडचण ओळखली आणि एका दिवाळीस पुण्याहून येतांना आपला जुना कॅमेरा व त्यास जोडावयाचें एक लांब भिंग माझ्या हातांत ठेवलें. "अण्णा, धरणावर जात जा. पांखरांचीं संस्कृत नांवें तुम्हांला येतात, आतां त्यांचे चेहरेहि ओळखा," असें तो म्हणाला.

आमचें माकणी गांव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणेच्या कांठीं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळें ह्या टापूचें नांव सर्वत्र गेलें. एरवीं बाहेरच्या माणसानें मुद्दाम यावें असें येथें कांहीं विशेष नाहीं, असेंच आम्ही समजत होतों. परंतु निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण गांवाशींच असल्यानें ह्या कोरड्या मुलखांत पाण्याचा एक विस्तीर्ण आरसा आमच्या दाराशीं मांडलेला आहे. पाऊस मनासारखा झाला कीं दिवाळीनंतर त्यावर पाहुणे उतरूं लागतात. शेकाट्या, राखी बगळा, पाणकावळा, टिबुकली, कवड्या धीवर ही मंडळी तर घरचीच. हिवाळ्यांत चक्रवाकहि येतात.

ज्या चक्रवाकाचें नांव वडिलांपाशीं काव्यें शिकतांना मीं शेंकडों वेळां उच्चारिलें होतें, तो पक्षी वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मीं पाहिलेला नव्हता. किंवा पाहिला असला तरी 'बदक' म्हणून सोडून दिला होता. नारिंगी-तपकिरी अंगाचें, फिक्या डोक्याचें तें जोडपें भिंगांतून प्रथम दिसलें तेव्हां माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. रात्रीं हीं दोघें नदीच्या दोन तीरांवर विरहांत राहतात असा कविसंकेत आहे. मीं एके दिवशीं सूर्योदयापूर्वीं जाऊन पाहिलें, तों दोघेंहि एकाच चिखलावर शेजारीं शेजारीं उभीं! कवींना मी दोष देत नाहीं. परंतु डोळ्यांनीं पाहिलेलें सांगणें आणि ऐकलेलें सांगणें ह्यांत अंतर आहे, हा छायाचित्रणाचा पहिला धडा त्या जोडप्यानें मला दिला.

हल्लीं प्रत्येक घरांत मोबाइल असतो, पुष्कळ घरांत कॅमेराहि असतो. आणि सुटी लागली कीं मुलें पांखरांच्या मागें लागतात. त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून, मला ठेचा खाऊन जें कळलें तें येथें लिहितों. त्यांत माझ्या हातून झालेली एक चूकहि सांगावी लागणार आहे. ती लपवून बाकीचें शिकविण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं.

पहिली गोष्ट उजेडाची. सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचा तेवढाच काळ हा ह्या कामाचा मुहूर्त होय. तेव्हांचें ऊन तिरपें व कोंवळें असतें. पिसांचा पोत त्यांत उठून दिसतो. ऊन चढलें कीं जमीन तापून तिच्यावरची हवा थरथरूं लागते, आणि अशा हवेंतून टिपलेला दूरचा पक्षी कितीहि भारी भिंगानें टिपला तरी पुसटच येतो. पहिले दोन महिने मीं ह्याचा दोष कॅमेऱ्याला दिला. सूर्य शक्यतों आपल्या पाठीशीं असावा, म्हणजे पक्ष्याचा रंग स्वच्छ येतो.

दुसरी गोष्ट हात हलण्याची. माझ्या वयांत ती अधिकच. ३०० मिलिमीटरचें भिंग हातांत धरून वापरतांना शटर १/३०० सेकंदाहून मंद ठेवूं नये असा एक जुना ठोकताळा आहे. भिंग जितकें लांब तितकें शटर जलद. शांत बसलेल्या पक्ष्यास १/५०० पुरतें. उडत्या पक्ष्यास १/१६०० किंवा त्याहूनहि जलद लागतें. शटर जलद केलें कीं आंत येणारा उजेड कमी होतो, म्हणून आय.एस.ओ.चा आंकडा ४०० वरून ८०० किंवा १६०० पर्यंत चढवावा. त्यामुळें चित्रांत बारीक दाणे दिसूं लागतात. पण दाणेदार चित्र हललेल्या चित्राहून केव्हांहि बरें. दाणे मागाहून कमी करतां येतात.

तिसरी गोष्ट पांढऱ्या आणि काळ्या रंगांची. कॅमेऱ्याचें उजेड मोजणारें यंत्र समोरचें सारें जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें गृहीत धरून चालतें. काळसर पाण्यांत उभा असलेला बगळा त्यामुळें इतका पांढराफटक येतो कीं एकहि पीस ओळखूं येत नाहीं. अशा वेळीं उजेड एक टप्पा कमी करावा. उलट, उजळ आभाळावर उडणारी घार नुसती काळी आकृति होऊन येते. तेव्हां तो एक टप्पा वाढवावा. अधिक-उण्याची ही खूण कॅमेऱ्यांत असतेच, आणि मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून वर-खालीं सरकविलें तरी बहुधा हेंच काम होतें.

चौथी गोष्ट डोळ्याची. पक्ष्याची शेपटी पुसट आली तरी चालते, डोळा पुसट आला तर चित्र मेलें. म्हणून फोकस डोळ्यावर साधावा. आपलें भिंगहि त्याच्या डोळ्याच्या पातळीस आणावें. उभें राहून टिपलेला शेकाट्या खेळण्यासारखा दिसतो; चिखलाशेजारीं पोटावर निजून टिपलेला तोच पक्षी घरच्या माणसासारखा सन्मुख होतो. माझ्या सदऱ्यांची ह्या पायीं जी दशा झाली तिच्याविषयीं धाकट्या सूनबाईनें एक शब्दहि काढला नाहीं, हें तिचें सौजन्य येथें नमूद करतों.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनीं खट्टू होऊं नये. बोटांनीं पडदा ताणून मोठा केलेला दूरचा पक्षी हा पुष्कळदां नुसता कापून मोठा केलेला असतो, त्यांत नवें कांहीं दिसत नाहीं. त्याऐवजीं अंगणांतील फुलपांखरूं, कुंपणावरचा सरडा, जाळें विणणारा कोळी, तुळशीवर बसलेला चतुर हीं चित्रें काढावींत. माझ्या नातीनें काढलेलें कोळ्याच्या जाळ्यावरील दंवाचें चित्र माझ्या साऱ्या बगळ्यांहून सरस आहे. नांवें शोधण्यास मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' घरांत असावा. त्यांत मराठी व संस्कृत नांवें एकत्र भेटतात, आणि आजोबा-नातवंडांस भांडण्यास चांगला विषय मिळतो.

पांचवी गोष्ट बसण्याची, आणि तीच सर्वांत मोठी. पक्ष्याकडे सरळ रोंखून चालत जाऊं नये. मातकट रंगाचे कपडे घालावे, झुडुपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला आधींच जाऊन बसावें आणि पक्ष्यालाच आपल्याकडे येऊं द्यावें. त्यानें खाणें थांबवून मान उंच केली, तो ओरडूं लागला किंवा पाठ फिरवून चालूं लागला, तर आपण त्याच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकलें असें समजावें आणि मागें सरावें. घरटें, अंडीं, पिल्लें ह्यांच्या जवळ तर जाऊंच नये.

हा शेवटचा नियम मला ठाऊक होता. ठाऊक असून मीं तो मोडला.

दोन वर्षांपूर्वींच्या मे महिन्यांतली गोष्ट. धरणाचें पाणी ओसरून कांठची खडीची पट्टी उघडी पडली होती. तेथें टिटवीनें अंडीं घातलेलीं मला दिसलीं. टिटवी काड्यांचें घरटें बांधीत नाहीं. जमिनींत एक उथळ खळगा, भोंवतीं खडे आणि त्यांत बहुधा चार अंडीं, एवढाच तिचा संसार. मातकट रंगावर काळे डाग असलेलीं तीं अंडीं खड्यांत अशीं मिसळून जातात कीं पायाखालीं येईपर्यंत कळूं नयेत. नर व मादी आळीपाळीनें सुमारें चार आठवडे त्यांवर बसतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यांत त्यांचें हें बसणें ऊब देण्यापेक्षां सावली देण्यासाठींच अधिक असतें.

सकाळचे आठ वाजले असतील. सूर्य माझ्या पाठीशीं होता, उजेड उत्तम होता. मी लांब बांधाआड बसलों असतों तर पक्षी येऊन अंड्यांवर बसला असता. पण अंडीं आणि टिटवी एकाच चित्रांत मोठीं यावींत असा मला मोह पडला. मी उठलों आणि अंड्यांपासून तीन-चार पावलांवर जाऊन उभा राहिलों. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालीत आकांत करीत होती. मग ती अंड्यांच्या पलीकडे उतरली, पंख अर्धवट पसरून आणि चोंच उघडून माझ्याकडे पाहूं लागली. मीं बटण दाबलें. चित्र साधलें!

पण मोह एका चित्रानें भागत नाहीं. ह्याहून चांगलें मिळेल म्हणून मी तेथेंच खडीवर बसून राहिलों. तास कसा गेला तें कळलें नाहीं. मासे धरणारा माझा एक जुना विद्यार्थी जाळें खांद्यावर टाकून जात होता, तो थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, लय येळ झाला की बसून. ती बगा कशी वरडायलीय. ऊन चढायलंय, अंडी भाजतेत. तिला जाऊ द्या की तिच्या जाग्यावर."

"पांचच मिनिटें," मी म्हणालों. वर्गांत हाच मुलगा 'गुरुजी, पांचच मिनिटें' म्हणून पेपर धरून ठेवी, तेव्हां मी त्याच्या हातून तो ओढून घेत असें. तें मला त्या वेळीं आठवलें नाहीं. जवळच्या बाभळीवर एक कावळा बसला होता, त्याचेंहि मीं एक चित्र घेतलें. तो तेथें कशासाठीं बसला आहे, हा विचार मला शिवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेलों तों खळग्यांत एकच अंडें उरलें होतें आणि बाजूला कवचाचे तुकडे पडले होते. टिटव्या लांब पाण्याच्या कडेला होत्या. मी बांधावर थांबून पुष्कळ वेळ पाहिलें, त्या परतल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं तें एक अंडेंहि नव्हतें. अंडीं कावळ्यानें नेलीं कीं रात्रीं कुत्र्यानें खाल्लीं, आणि मी गेलोंच नसतों तर तीं वांचलीं असतीं कीं काय, हें मला शपथेवर सांगतां येणार नाहीं. ह्याच वाक्याचा आधार घेऊन मीं बरेच दिवस आपल्या मनाची समजूत घातली.

आतां चित्रावर मागाहून करावयाच्या संस्कारांविषयीं सांगतों. कारण माझी दुसरी चूक तेथें झाली. हे संस्कार मला आठवींत शिकणाऱ्या नातीनें शिकविले. मोबाइलवर स्नॅपसीड नांवाचें मोफत साधन मिळतें, घरच्या संगणकासाठीं डार्कटेबल हेंहि मोफत आहे. दोहोंत आरंभापुरतें सर्व कांहीं आहे. प्रथम मूळ चित्राची प्रत वेगळी जपून ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीवर हात चालवावा. कॅमेऱ्यांत सोय असल्यास चित्र 'रॉ' पद्धतीनें घ्यावें. त्यांत उजेडाची सारी नोंद शिल्लक राहते, जे.पी.जी.मध्यें कॅमेरा आपल्या मतानें निवड करून बाकीचें टाकून देतो, आणि तीच प्रत पुनः पुनः बदलून सांठविली तर दर वेळीं तिची थोडी झीज होते.

नंतर क्रमानें जावें. पाण्याची रेघ तिरपी आली असल्यास सरळ करावी, नाहीं तर धरण सांडेल असें वाटतें. मग कडा कापाव्या; पक्षी ज्या दिशेस पाहतो त्या दिशेस मोकळी जागा अधिक ठेवावी. मग फार उजळ भाग थोडा उतरवावा, फार गडद भाग थोडा उचलावा. सकाळच्या पिंवळ्या उन्हास पांढरें करण्याच्या भानगडींत पडूं नये. तें पिंवळेपण खरें होतें. शेवटीं दाणे किंचित् कमी करावे, डोळ्यापाशीं रेखीवपणा किंचित् वाढवावा, आणि थांबावें. भाजींत मीठ घालणारा हात येथें उपयोगी, लोणच्यांत घालणारा नव्हे. भिंगावर धुळीचा कण होता व त्याचा ठिपका चित्रांत उमटला, तर तो पुसण्यास हरकत नाहीं. कारण तो कण त्या जागीं नव्हता, आपल्या कांचेवर होता. पण जें त्या जागीं होतें तें पुसूं नये, आणि नव्हतें तें आणूं नये.

माझ्या टिटवीच्या चित्रांत उजव्या खालच्या कोपऱ्यांत एक काळी आकृति आली होती. सकाळचें ऊन पाठीशीं असल्यानें माझ्याच डोक्याची व खांद्याची सावली लांब पडून अंड्यांपर्यंत पोंचत आली होती. ती चित्राची शोभा घालवीत होती. डाग पुसण्याचें जें साधन नातीनें मला शिकविलें होतें तें मीं त्या सावलीवरून फिरविलें. दोन मिनिटांत तेथें स्वच्छ खडी आली! चित्राखालीं मीं नांव घातलें 'वात्सल्य'.

चित्राचें कौतुक फार झालें. घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर पुण्याहून, नागपूरहून, अमेरिकेंतल्या भाच्याकडून शाबासकी आली. जवळच्या एका शहरांतील हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनांत तें टांगलें गेलें आणि मला एक प्रशस्तिपत्रक मिळालें. तें ओसरीवर लावतांना नात जवळ उभी होती. तिनें मूळ चित्र पाहिलें होतें. "आजोबा, इथें तुमची सावली होती ना? ती कुठें गेली?" तिनें विचारलें. मी म्हणालों, "वाईट दिसत होती म्हणून काढली." ती पुढें म्हणाली, "मग टिटवी कुणाला ओरडत होती, तें कसें कळणार?"

मला उत्तर सुचलें नाहीं. पंख पसरून ती अंड्यांवर सावली धरीत नव्हती. मला हांकलीत होती. उघडी चोंच वात्सल्याची नव्हती, भयाची आणि उकाड्याची होती. चित्रांतली एकच गोष्ट खरी साक्ष देत होती, आणि तीच मीं नेमकी पुसून टाकली होती. छत्तीस वर्षें मुलांना नक्कल करूं नका म्हणून बजावलें. एका मुलास तर दुसऱ्याचें चित्र स्वतःचें म्हणून दाखविल्याबद्दल दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें होतें. त्याची मला त्या रात्रीं आठवण झाली.

मग मीं ह्या विषयाचें थोडें वाचन केलें. आपल्या देशांत कॅमेरा प्रथम जंगलांत गेला तो बहुधा बंदुकीच्या सोबतीनें. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत हैद्राबाद संस्थानांत होता. तेथील निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या पेढीचीं शिकारीचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. १९०२ सालचें, लॉर्ड व लेडी कर्झन यांच्या पुढ्यांत मारलेला वाघ पडलेला असें एक चित्र त्यांत आहे. पुढें एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नांवाच्या इंग्रज वनाधिकाऱ्यानें निराळी वाट काढली. वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवावी आणि रात्रीं वाघाच्याच पायानें कॅमेरा चालावा, अशी युक्ति त्यानें योजिली. त्याचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. माणूस दूर, वाघ निर्भय आणि चित्र खरें!

त्या युक्तीची आजची संतति म्हणजे वन विभागाचे स्वयंचलित कॅमेरे. त्यांचा प्रताप आमच्याच जिल्ह्यानें पाहिला. डिसेंबर २०२४ मध्यें येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यांत अशा कॅमेऱ्यांत एक वाघ टिपला गेला. धाराशिव जिल्ह्यांत वाघ, हें ऐकून प्रथम आम्हीं हंसण्यावारीं नेलें. परंतु आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. ते पट्टे जुळवून पाहिल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून शेंकडों किलोमीटर चालत आलेला नर आहे असें ठरलें. त्या चित्रांत मांडणीची किंवा उजेडाची शोभा कोणी पाहिली नाहीं. पण एखाद्यानें शोभेसाठीं त्यांतले दोन पट्टे पुसले असते, तर तो वाघ कोठला हें जगास कधींच कळलें नसतें.

उलट उदाहरणहि आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेंत २००९ सालीं फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्रास पहिलें पारितोषिक मिळालें. तो लांडगा बहुधा शिकविलेला होता असें परीक्षकांस आढळून आल्यावर जानेवारी २०१० मध्यें तें काढून घेण्यांत आलें. चित्र तेंच राहिलें. त्यावरचा विश्वास गेला.

आणि कायदा पाहिला तेव्हां तर मी दचकलोंच. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत पशुपक्ष्यांस मारणें, धरणें, पळविणें ह्यांच्या जोडीस वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस किंवा घरट्यांस उपद्रव देणें हेंहि गणलेलें आहे. जन्मभर मांसाला न शिवलेला मी, आणि माझ्या कृत्यास कायदा तेंच नांव देतो! तमसेच्या कांठीं निषादानें क्रौंचाच्या जोडींतील एकास मारलें ती कथा मीं वर्गांत तीस वेळां तरी सांगितली असेल. दर वेळीं मी स्वतःस ऋषीच्या बाजूस उभा करीत असें. तेरणेच्या कांठीं मी कोठें उभा होतों, हें मला माझ्या सावलीनेंच दाखविलें होतें.

मीं प्रदर्शनाच्या संयोजकांस पत्र लिहिलें, मूळ चित्र सोबत पाठविलें आणि प्रशस्तिपत्रक परत केलें. नातेवाईकांसहि मूळ चित्र धाडून घडलेलें सारें कळविलें. कोणी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचें काय घेऊन बसलांत, आमच्या सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "बरें केलेंत." त्या मासे धरणाऱ्या विद्यार्थ्यासहि मी भेटलों. तो नुसता हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, टिटवी परत अंडी घालती. तुमी मात्र लांबून बगा."

त्याचें पहिलें वाक्य बरोबर आहे. पहिलीं अंडीं गेलीं तर टिटवी पुष्कळदां पुन्हां घालते. दुसरें वाक्य मीं पाळलें. पुढच्या उन्हाळ्यांत त्याच कांठावर टिटवीची जोडी बसली तेव्हां मी शंभर पावलांवर बांधाआड बाभळीखालीं बसलों. ऊन तापल्यावर एक पक्षी उठून पाण्याशीं गेला, पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून परतला आणि तशा ओल्या अंगानें अंड्यांवर बसला. अंडीं गार ठेवण्याची ही टिटवीची रीत. मागल्या वर्षीं मी तीन पावलांवर तासभर होतों, तरी हें मला दिसलें नव्हतें. कारण मी होतों म्हणूनच तें घडलें नव्हतें. मीं त्याचें चित्र घेतलें. हवा थरथरत असल्यानें तें पुसट आलें आहे, पक्षी चिंचोक्याएवढा दिसतो. कडा कापण्याखेरीज त्यावर मीं कांहींहि केलेलें नाहीं. कांहीं दिवसांनीं खडीवरून तीन पिल्लें आईबापांमागें पळतांना पाहिलीं, आणि कॅमेरा पिशवींत ठेवून तीं दृष्टीआड होईपर्यंत बसून राहिलों.

आणखी एक सूचना राहिली. मोबाइलनें काढलेल्या चित्राच्या नोंदींत ती जागा कोठली हेंहि सांठविलेलें असूं शकतें. घरट्याचें चित्र दूरवरून नकळत मिळालें, तरी तें पाठवितांना जागेची नोंद बंद करावी आणि ठिकाण सांगूं नये. नाहीं तर आपण सावध राहिलों तरी आपल्या मागून दहाजण तेथें जातील.

ओसरीवर प्रशस्तिपत्रकाच्या जागीं आतां तें मूळ चित्र आहे, सावलीसह. त्याखालीं नातीनें आपल्या अक्षरांत नवें नांव लिहिलें आहे: 'टिटवी, चार अंडीं व आजोबा'. येणारे-जाणारे विचारतात, आणि मी दर वेळीं सर्व हकीकत सांगतों. सांगतांना अजून थोडें अवघड वाटतें, आणि तें वाटावें हेंच बरें. घरांतील मुलांना उजेड, शटर आणि डोळा हें सारें अवश्य शिकवावें. पण उठून परत फिरण्याची वेळ कोणती, हें त्याच्या आधीं शिकवावें.